डिझेल पंपाला मत द्या, नदी वाचवा

सुभेदारांची मोटर पुन्हा जळली आणि त्याच दिवशी त्यांनी आमदारकीला उभं राहायचं ठरवलं. ठरवलं ते माझ्या दुकानात, माझ्यासमोर. म्हणून पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

रहिमतपुरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, नदीवरच्या मोटरी जळतात, माणसं त्या माझ्याकडं आणून टाकतात, मी आतली जळकी तार उपसून नवी भरतो. दुकान अब्बांनी काढलं, मी चालवतो. वीज जितकी वाईट तितका आमचा धंदा चांगला, हे आमच्या घरात कुणी तोंडानं बोलत नाही. पण दिवा फडफडायला लागला की अब्बांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरायची, ती मी लहानपणापासून पाहिलेली आहे. शेजारच्या गाळ्यात बायकोचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान. मधली भिंत प्लायवूडची. माझ्याकडं बोललेलं सगळं तिला ऐकू जातं आणि ती तिकडूनच उत्तरं देते.

सुभेदार फौजेत पूल बांधायच्या पलटणीत होते. निवृत्त होऊन गावी ऊस करायला लागले त्याला बरीच वर्षं झाली, पण उसाच्या सरीतसुद्धा त्यांच्या पँटीची इस्त्री मोडत नसे. शेतीची लाईट बहुतेक रात्रीचीच, त्यामुळं पाणी पाजायला रात्री रानात जायचं, अंधारात फ्यूज टाकायचा, आणि व्होल्टेज कमी आलं की मोटर जळायची. त्या दिवशी त्यांनी मोटर माझ्या फळीवर ठेवली, रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, "मिस्त्री, आता बास. मी इलेक्शनला उभा ऱ्हातोय."

मला वाटलं ग्रामपंचायतीला. म्हटलं, "चांगलं हाय की. कुठल्या वॉर्डातनं?"

"विधानसभेला."

प्लायवूडच्या पलीकडून झेरॉक्सचं मशीन बंद झाल्याचा आवाज आला.

"कुठल्या पक्षाकडनं?" मी विचारलं.

"अपक्ष. पक्षात गेलं की पक्षाचं ऐकावं लागतं. मी आयुष्यभर लय ऐकलंय."

मग त्यांनी मोटरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि माझ्याच पेन्सिलीनं त्यावर योजना काढून दाखवली. फौजी माणूस, त्यामुळं नकाशाच काढला. एक जाड रेघ म्हणजे कृष्णा. तिच्या दोन्ही बाजूंना चौकोन, ती गावं. प्रत्येक गावातून नदीत जाणारा बाण, तो गटाराचा. आणि वर सूर्य. योजना दोनच कलमांची होती. शेतीपंप सगळे उन्हावर चालवायचे, म्हणजे पाणी दिवसा पाजता येईल. आणि गावाचं असो का कारखान्याचं, सांडपाणी स्वच्छ केल्याशिवाय नदीत एक थेंब सोडायचा नाही.

"सुभेदार," मी म्हणालो, "हे पंप उन्हावर चालायला लागले तर मोटरी जळायच्या न्हाईत."

"त्येच तर."

"मग मी काय खायचं?"

त्यांनी पुठ्ठ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. या बाणाचा विचार त्यांनी केलेला नव्हता. मग म्हणाले, "तू सोलरचं काम शीक. आन तवर माझा प्रचारप्रमुख हो."

पलीकडून बायको म्हणाली, "सुभेदार, प्रचारप्रमुखाला जेवन तुमच्याकडं का आमच्याकडं?"

मी हो म्हणालो, त्याला कारण होतं. अब्बा गेले तेव्हा कबर खोदायला जी माणसं भर पावसात आली, त्यात सुभेदार होते, आणि खड्ड्यात पाणी भरू नये म्हणून चर कसा काढायचा हे त्यांनीच दाखवलं होतं. अशा माणसाला नाही म्हणता येत नाही. शिवाय माझ्याकडं टेम्पो होता, आणि सुभेदार निवडून येणार नाहीत याची मला खात्री होती. धंद्याला धोका शून्य.

अर्ज भरला. छाननीत टिकला. मग चिन्हवाटप. अपक्षाला चिन्हांची यादी देतात, त्यातून आवडीची चिन्हं लिहून द्यायची. सुभेदारांनी पहिलं लिहिलं नळ. दुसरं बादली. पाण्याशी संबंध हवा म्हणून. नळ दुसऱ्या एका अपक्षाला गेला, बादली तिसऱ्याला. मी बाहेर चहाच्या गाड्यावर थांबलो होतो. सुभेदार कचेरीतून बाहेर आले ते पाठ ताठ, हनुवटी वर, म्हणजे काहीतरी वाईट झालेलं होतं.

"काय मिळालं?"

"डिझेल पंप."

चहावाला आधी हसला. मग मी हसलो. सुभेदार हसले नाहीत. "हुकूम हाय," म्हणाले, "पाळायचा."

आता फ्लेक्स करायचा प्रश्न. वर सूर्य, मध्ये कृष्णामाई, खाली सुभेदारांचा फोटो, आणि त्यांच्या छातीजवळ धूर सोडायला तयार असलेला डिझेल पंप. मजकूर बायकोनं तिच्या कॉम्प्युटरवर टाइप केला: स्वच्छ ऊर्जा, निर्मळ नदी, आपली निशाणी डिझेल पंप. छापून आल्यावर आम्ही तिघं त्यासमोर उभे राहिलो. बायको म्हणाली, "वाचणाऱ्याला वाटेल तीन वेगळे उमेदवार हायती."

प्रचाराला काहीतरी डोळ्यांना दिसेल असं पाहिजे, हे सुभेदारांचं मत. भाषणं सगळेच करतात. त्यांनी ठरवलं की काचेच्या दोन बरण्या घ्यायच्या. एक वाईच्या वरच्या अंगाला भरायची, जिथं नदी अजून लहान आणि नितळ आहे. दुसरी सांगलीच्या अलीकडं, जिथवर तिच्यात सगळ्यांनी सगळं सोडून झालेलं असतं. दोन्ही बरण्या सभेत शेजारी शेजारी ठेवायच्या. मग बोलायची गरजच नाही.

आम्ही पहाटे टेम्पो काढला. वाईच्या पुढं, वरच्या अंगाला, पाण्यात उतरून सुभेदारांनी बरणी भरली. पाणी असं की बरणी रिकामी आहे का भरलेली हे कळेना. तळाशी एक हिरवी काडी तेवढी आली. परत येताना वाईत घाटावर थांबलो. तिथं एक गुरुजी सोवळं वाळत घालत होते. बरणी पाहून त्यांनी विचारलं, "तीर्थ नेताय का? मंत्र म्हणून देतो."

"न्हाई गुरुजी," सुभेदार म्हणाले, "प्रचाराला नेतोय."

गुरुजींनी जरा विचार केला. "मग मंत्राची जास्त गरज आहे," म्हणाले, आणि फुकटात दोन ओळी म्हटल्या. मी टोपी घातलेला बाजूला उभा होतो, तर माझ्यावरही चार थेंब शिंपडले. मीही हात जोडले. टेम्पोचा इन्शुरन्स संपत आला होता, कुठून काय लाभेल सांगता येत नाही.

मग साताऱ्यावरून हायवेनं खाली. सांगलीच्या अलीकडं एक नाला नदीला मिळतो, तिथं एक म्हातारा गळ टाकून बसला होता. सुभेदारांनी बूट काढले आणि बरणी घेऊन वाकले तर तो म्हणाला, "आवं, तिथलं नगा घेऊ. जरा खाली घ्या, तिथं लय घान हाय."

"घानच पायजे."

म्हाताऱ्यानं आमच्याकडं निरखून पाहिलं. "तपासनीवाले हाय का?"

"न्हाई. उमेदवार हाय."

"मग बरोबर जागी आलाय," तो म्हणाला आणि परत गळाकडं वळला. मासे लागतात का असं मी विचारलं. म्हणाला, "लागत्यात की. पन आमी खात न्हाई. इकतो."

त्या बरणीतलं पाणी मातकट, वर फेस, आणि वास असा की सुभेदारांनी झाकण लावून वर रबर गुंडाळलं. वास येतो म्हणून ती बरणी आम्ही मागं, सतरंजीखाली, खोक्यात ठेवली. वाईची बरणी सुंदर दिसत होती म्हणून पुढं, काचेपाशी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. तीन-चार दिवस टेम्पो तसाच गावोगाव उन्हात फिरला. वर लाऊडस्पीकर, त्याला टपावर बसवलेल्या सोलर पॅनेलची वीज. माझा पहिला सोलर अनुभव तो. ढग आला की सुभेदारांचा आवाज बारीक व्हायचा आणि ऊन पडलं की अचानक गर्जना व्हायची.

मोठी सभा बाजाराच्या दिवशी ठेवली. माणसं आली, कारण बाजार होता. स्टूलवर दोन्ही बरण्या रुमालाखाली झाकून ठेवल्या. सुभेदारांनी नदीवर छान बोलून घेतलं, मग म्हणाले, "आता तुमीच बघा," आणि रुमाल उचलला.

मी बरण्यांकडं पाहिलं. तीन-चार दिवसांच्या उन्हात वाईच्या बरणीतली ती हिरवी काडी वाढली होती. काडीची झाली होती बाग. सगळी बरणी शेवाळानं हिरवीगार, काचेला चिकटलेलं. आणि सांगलीची बरणी खोक्यात अंधारात निवांत बसून राहिल्यामुळं तिच्यातला गाळ खाली बसला होता, फेस विरला होता. वर पाणी असं स्वच्छ की पलीकडचा टोमॅटोवाला दिसत होता.

सुभेदारांनी बरण्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. वाई. सांगली. मोठ्या अक्षरात.

कुणीतरी मोठ्यानं वाचलं. मग एक बाई म्हणाली, "अगं बया, वाईचं पानी असलं?"

"सांगलीचंच बरं हाय की!" मागून आवाज आला.

"दिसतंय तसं न्हाई," सुभेदार म्हणाले. "त्यो गाळ खाली बसलाय. ह्याच्यात रोग हाय."

पुढं एक पानपट्टीवाला उभा होता. मोठ्या पक्षाचा माणूस, त्याच्याच टपरीवर त्यांच्या मीटिंगा व्हायच्या. तो ओरडला, "मग पिऊन दाखवा!"

एरवी उमेदवार पाणी पिऊन दाखवतात ते पाणी चांगलं आहे हे पटवायला. सुभेदारांपुढं पाणी वाईट आहे हे पिऊन सिद्ध करायची वेळ आली होती. दुसऱ्या कुणीही विषय बदलला असता. सुभेदारांनी माइक माझ्या हातात दिला, रबर काढलं, झाकण फिरवलं. पुढची रांग वासानं एक पाऊल मागं सरली, पण मागच्या दहा रांगांना वास गेला नाही. त्यांना फक्त स्वच्छ पाणी दिसत होतं.

काकी, म्हणजे सुभेदारांच्या मालकीणबाई, पहिल्याच रांगेत खुर्चीवर होत्या. त्या उठल्या. "आवं, खुळं झालाय का?"

"आजारी पडलो तर माझं खरं," सुभेदार लोकांना म्हणाले, "न्हाई पडलो तर ह्याचं." आणि पानपट्टीवाल्याकडं बघत अर्धा पेला पाणी घशाखाली घातलं.

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पण. मी मनातल्या मनात गणित मांडलं: उद्या सकाळपर्यंत हगवण, दुपारी सलाईन, संध्याकाळी चॅनेलवाले, आणि परवा सगळ्या मतदारसंघात नदीचा प्रश्न. माणसाचं वाईट चिंतू नये हे मला माहीत आहे, पण मी प्रचारप्रमुख होतो.

सकाळी त्यांच्या घरी गेलो. सुभेदार अंगणात जोर काढत होते.

"पोट कसं हाय?" मी घाईनं विचारलं.

"काई न्हाई रं," ते नाराजीनं म्हणाले. "झकास हाय."

दुसऱ्या दिवशीही झकास. पलटणीत असताना बर्फ वितळवून, चिखल गाळून, कुठलं कुठलं पाणी पिऊन त्यांचं आतडं असं तयार झालं होतं की सांगलीची अख्खी बरणी त्याला कमी पडली असती. पानपट्टीवाल्यानं टपरीवर पाण्याच्या बाटल्या मांडल्या आणि वर पाटी लावली: सांगलीचं शुद्ध पाणी, सुभेदारांनी पिऊन तपासलेलं. गावात जाऊ तिथं पोरं टेम्पोमागं पळत, "सुभेदार, कसं हाय पोट?" एवढ्या लोकांनी कधी कुठल्या उमेदवाराच्या तब्येतीची चौकशी केली नसेल.

"माझ्या पोटानं दगा दिला," सुभेदार मला टेम्पोत म्हणाले. खरंच दुःखी होते.

आणि मग, प्रचार संपायला दोन दिवस राहिले असताना, ते आजारी पडले. असे पडले की उभं राहता येईना. मी आणि काकींनी त्यांना टेम्पोत घालून साताऱ्याला नेलं, दवाखान्यात सलाईन लागलं. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. मी लगेच फोन फिरवले. तासाभरात तिथल्या एका चॅनेलचा पत्रकार कॅमेरा घेऊन कॉटपाशी हजर. सुभेदारांचा चेहरा पांढरा पडलेला, हातात सुई, शेजारी लटकलेली बाटली. यापेक्षा चांगला फोटो कुठल्याही पक्षाला पैसे देऊन मिळाला नसता.

पत्रकारानं विचारलं, "सुभेदार, कृष्णेचं दूषित पाणी प्यायल्यामुळं तुमची ही अवस्था झाली, हे खरं का?"

मी पायाकडं उभा राहून मान हलवत होतो. हो म्हणा, हो म्हणा.

सुभेदारांनी डोळे उघडले. "न्हाई," म्हणाले. "मटनामुळं."

"काय?"

"काल एका कार्यकर्त्याच्या घरी मटन खाल्लं. सकाळचं हुतं. पान्याला बरेच दिवस झाले, त्यानं काई झालं न्हाई. उगं खोटं कशाला बोला."

त्या एका वाक्यात निवडणूक गेली. म्हणजे ती आमच्याकडं कधीच नव्हती, पण जी काही होती तीही गेली. शिवाय ज्याच्या घरी मटण खाल्लं तो कार्यकर्ता संतापला, त्याची बायको त्याहून संतापली, आणि त्या भावकीतली सगळी मतं गेली. मी बाहेर जिन्यात बसून राहिलो. बायकोला फोन करून सांगितलं तर ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "अजी, ऐसे आदमी कू कौन वोट देता?" आणि थोडं थांबून, "मैं देती."

शेवटची सभा दुसऱ्या दिवशी होती. परवानगी काढलेली, मंडप घातलेला, आणि उमेदवार सलाईनवर. मी सभा रद्द करायला निघालो तर काकी म्हणाल्या, "मी जाते."

काकींनी आयुष्यात माइक धरलेला नव्हता. धरला तो दोन्ही हातांनी, लाटण्यासारखा. माणसं थोडीच होती, त्यातली निम्मी मटणाची गंमत ऐकून आलेली. हसण्याच्या तयारीत बसलेली.

"मला भाषान येत न्हाई," काकी म्हणाल्या. "ह्ये आजारी हायती, ते मटनानं. तुमास्नी म्हायतच हाय."

लोक हसले.

"माजं लगीन झालं तवा ह्ये फौजेत. तिकडं रातीचा पहारा. मी म्हनलं, रिटायर झाल्यावर तरी घरात झोपतील. रिटायर झाले तर लायटीचा पहारा. लाईट कवा येती म्हनून मोबाईल उशाला. आली की बॅटरी घेऊन रानात. मी आपली चुलीपाशी बसून. साप असंल, बिबट्या असंल, तार तुटून पडली असंल. तिकडनं मोटरीचा आवाज आला की म्हनायचं, हाय जित्ता. तुमच्यातल्या किती जनी अशा बसत्यात?"

आता कुणी हसत नव्हतं. बायकांच्या बाजूला एकीनं पदर तोंडाला लावला.

"त्यांच्या प्लॅनमधलं मला येवढंच कळतंय. मानूस दिवसा रानात आन रातीला घरात. ह्याच्यासाठी आमदार लागतो, ह्ये मला म्हायत न्हवतं. लागतो म्हनत्यात, तर बघा." आणि माइक माझ्या हातात देऊन खाली उतरल्या. निशाणी सांगायची राहिली. ती मी सांगितली, आणि डिझेल पंप हे शब्द उच्चारताना मला पहिल्यांदाच लाज वाटली.

निकालाच्या दिवशी आम्ही दुपारपर्यंतही थांबलो नाही. डिपॉझिट गेलं. पण मतांची आकडेवारी पाहताना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कालव्याच्या शेवटच्या टोकाला एक गाव आहे, जिथं आम्ही प्रचाराला एकदाच गेलो होतो आणि ढग आल्यामुळं स्पीकरही चालला नव्हता. त्या गावानं जवळजवळ सगळी मतं सुभेदारांना दिली होती. सुभेदार भारावून गेले. "बघ मिस्त्री, त्यांना कळलं," म्हणाले. "शेवटच्या टोकाच्या मानसालाच पान्याची किंमत कळती."

आठ-पंधरा दिवसांनी त्या गावची चार माणसं माझ्या दुकानात आली. सुभेदार तिथंच बसले होते. त्यांनी उठून स्वागत केलं, चहा मागवला. त्यातल्या वयस्कर माणसानं चहा संपवला, बशी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मग डिझेल पंप कवा वाटायचं?"

प्लायवूडमागं काहीतरी खाली पडलं. बहुतेक बायको.

झालं होतं असं की तिथं लाईट कधी धड येतच नाही, कालव्याचं पाणीही पोचत नाही, आणि आवाज नसलेल्या टेम्पोवर त्यांनी फक्त चित्र पाहिलं होतं. त्यांना वाटलं, हा उमेदवार घरटी एक डिझेल पंप देणार. अख्ख्या गावानं देवळात बसून ठराव केला होता.

सुभेदारांनी आपला चहा संपवला. मग म्हणाले, "आवं, मी हारलोय. हारलेल्याकडं काय मागता? जिकलेल्याकडं जावा."

"गेलतो," म्हातारा म्हणाला. "त्ये म्हनले, मला मतं दिली न्हाईत, आता ज्याला दिली त्याच्याकडं जावा."

 सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी जळक्या मोटरीकडं पाहिलं. तेवढ्यात बायको तिच्या गाळ्यातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. "सरकारी योजनेतनं सोलर पंप मिळतो," म्हणाली. "ऑनलाइन अर्ज करायचा असतो. कागदं घिऊन या. मी भरते सगळ्यांचे." आणि माझ्याकडं बघून, "तुमच्या उमेदवाराचा जाहीरनामा हाय, कुनीतरी पाळायला पायजे."

त्यानंतर आमच्या प्रचारातल्या टेम्पोला खरं काम लागलं. त्या गावची माणसं यायची, कुणाच्या सातबाऱ्यावर मेलेल्या चुलत्याचं नाव, कुणाचं आधार मोबाईलला जोडलेलं नाही, कुणाची विहीर कागदावर भावाच्या रानात. सुभेदार रोज इस्त्रीचे कपडे घालून कचेरीत जाऊन बसायचे. त्यांना तिथं सगळे ओळखायला लागले होते, मटणवाले सुभेदार म्हणून. ते ऐकून घ्यायचे आणि काम करून घ्यायचे. वेळ लागला. काही अर्ज अडकले, ते अजून अडकलेलेच आहेत. पण काहींचे पंप आले.

पहिला पंप सुरू झाला तेव्हा आम्ही गेलो होतो. भर दुपार. पॅनेलवर ऊन, खटका टाकला, आणि पाइपातून पाणी. शेतकरी सरीसरीत पाणी वळवायला, दारे धरायला फावडं घेऊन उभा, पण अंधार नाही, बॅटरी नाही, तर त्याला कुठं बघावं कळेना. त्याची बायको बांधावरून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता हा रातीला घरात काय करायचा?" सगळे हसले. तो लाजला. सुभेदार मात्र पाण्याकडं पाहत होते. काकींना आणायला पाहिजे होतं, एवढंच म्हणाले.

मग रीतसर कार्यक्रम झाला. निवडून आलेले साहेब आले, फीत कापली, आणि दिवसा पाणी आणि निर्मळ कृष्णा हे आपलं लहानपणापासूनचं स्वप्न असल्याचं सांगितलं. स्वप्नात बाणांसह नकाशाही असावा इतकं ते जुळत होतं. सुभेदार दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. येताना टेम्पोत मी चिडलो. ते म्हणाले, "आमी पूल बांधायचो, त्याच्यावर आमचं नाव नसायचं. गाड्या पलीकडं गेल्या की झालं." मग बऱ्याच वेळानं, वळणावर, त्यांनी साहेबांना एक अस्सल फौजी शिवी दिली. मला बरं वाटलं.

माझं म्हणाल तर सोलरचं शिकलो, पण अर्धंच. पॅनेल पुसतो, नट आवळतो, वायर जोडतो. त्याचा कंट्रोलर सीलबंद असतो. तो बिघडला की कंपनीचा माणूस लांबून येतो आणि मला हात लावू देत नाही. रिवाइंडिंगचं काम थोडं कमी झालंय. संपलेलं नाही. संपावं असं मला वाटतं का, हे विचारू नका.

नदीचं कलम राहिलंच होतं. कृष्णा स्वच्छ करायला सुभेदारांकडं ना खातं ना खुर्ची. म्हणून त्यांनी स्वतःच्या गावचं गटार धरलं. ते ओढ्यात जातं आणि ओढा पुढं नदीला. सरपंचाच्या मागं लागून लागून त्यांनी ओढ्याच्या तोंडापाशी दोन मोठे खड्डे काढून घेतले, तळाला खडी, वर वाळू, आणि त्यात कर्दळ लावली. कर्दळीची मुळं घाण धरून ठेवतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. गाव हसलं. गटारावर बाग, म्हणाले. पण कर्दळ अशी फोफावली की माणसाच्या वर गेली, आणि पलीकडून निघणारं पाणी खरंच बरंच नितळ. पिण्यासारखं नाही. सुभेदारांनी ते पिऊन दाखवायची तयारी दाखवली होती, काकींनी हातातून पेला घेतला.

गेल्या गणपतीत मी सकाळी त्यांच्याकडं निघालो होतो. बघतो तर खड्ड्यांपाशी बायकांची रांग. कर्दळीला लाल-पिवळी फुलं आलेली, आणि अख्खं गाव गटारावरची फुलं खुडून देवाला नेत होतं. सुभेदार काठावर उभे होते, हाताची घडी घालून. मी म्हणालो, "सुभेदार, ह्यांना सांगा की हे कशावर वाढलंय."

"सांगितलं," ते म्हणाले. "त्या म्हनत्यात, फुलं तर चांगली हायती."

एक म्हातारी परडी भरून आमच्यासमोरून गेली. जाता जाता तिनं दोन फुलं सुभेदारांच्या हातावर ठेवली आणि एक माझ्या. सुभेदारांनी वास घेऊन पाहिला. मीही घेतला. कसलाच वास येत नव्हता.